पांदण रस्त्यावर लिहिलं म्हणून वर्षभर जेल?

"आमदाराविरुद्ध पोस्ट टाकली की हक्कभंग. विधानसभा थेट वर्षभर आत टाकते, कोर्टसुद्धा काही करू शकत नाही." हा मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर चार दिवसांत सहादा आला. (हक्कभंग म्हणजे सभागृहाच्या किंवा आमदारांच्या विशेष हक्कांचा भंग.) काल मोठेबाबांनी पांदण रस्त्याची आपली पोस्ट काढून टाकली. विचारलं तर म्हणे, "या वयात जेलात कोन जाईन बा!" सत्तरीतल्या माणसाला भेडसावलंत, म्हणून लिहितो.

कोर्टाचं तर धडधडीत खोटं आहे. १९६४ साली उत्तर प्रदेश विधानसभेनं गोरखपूरच्या केशव सिंह यांना सात दिवस तुरुंगात धाडलं. मूळ प्रकरण एका आमदारावर आरोप करणाऱ्या पत्रकाचं. लखनौच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला, तर सभागृहानं त्या न्यायमूर्तींनाच पकडून आणायचा ठराव केला! अलाहाबाद उच्च न्यायालयाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्याला स्थगिती दिली. शेवटी राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठानं सहा विरुद्ध एक मतानं सांगितलं, की सभागृहानं कैद केलेला माणूस कोर्टात दाद मागू शकतो आणि त्याला जामीन देणारा न्यायाधीश सभागृहाचा अवमान करत नाही. केशव सिंहांना उरलेली शिक्षा पुढे भोगावी लागली, हे खरं. पण हायकोर्टानं प्रकरण तपासल्यावरच.

वर्षभराचंही तसंच. सभागृहानं दिलेली कैद अधिवेशन संस्थगित झालं, म्हणजे औपचारिकपणे संपलं, की संपते. २०२१ मध्ये आपल्याच विधानसभेनं १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं, त्यात मूर्तिजापूर, चिमूर आणि जळगाव जामोदचेही होते. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं चालू अधिवेशनापुढचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. आमदारांसाठी कोर्टाचं दार उघडं, मग आपल्यासाठी बंद कसं?

एक मानावं लागेल. सभागृह बाहेरच्या माणसालाही आत टाकू शकतं. २००८ मध्ये राज्य निवडणूक आयुक्तांना दोन दिवसांची कोठडी झाली होती. पण ते एकट्या आमदाराच्या हातात नसतं, त्याला सभागृहाचा ठराव लागतो. आणि हक्कभंगाचा संबंध सभागृहाच्या कामाशी असतो. पांदणीवर मुरूम पडला नाही म्हणण्याशी नाही.

मोठेबाबा, तो फोटो माझ्या मोबाइलात आहे, आसापर्यंत चिखलात रुतलेल्या बंडीचा. आज संध्याकाळी तुमच्या नावानं परत टाकू, खाली माझंही नाव लिहितो.