पन्नास साइटवर दुकान चढवून देणाऱ्यांना

किंमत-तुलनेच्या साइटवर दुकान चढवून देणाऱ्यांचा तो मेसेज फिरत फिरत शेवटी आमच्या वहिनींकडे आला. त्या स्वतःच्या वेबसाइटवरून सोलापुरी चादरी विकतात. "भाऊजी, भरू का पैसे?" म्हणून विचारत होत्या. मेसेजात काय आहे? पन्नास साइटवर नोंदणी, गूगल शॉपिंगची (गूगलवर वस्तू आणि त्यांचे भाव दिसतात तो विभाग) फी वेगळी, शोधात पहिल्या पानाची हमी, बारकोड नसेल तर कुठलाही टाका, आणि 'सिक्रेट टिप': किंमत कमी दाखवा, जीएसटी आणि डिलिव्हरी चेकआउटला, म्हणजे पैसे भरायच्या पायरीला लावा.

आधी ही टीपच घेतो, कारण दुकान बुडवेल ती हीच. समजा चादर करासकट १,०५० रुपयांची आहे आणि यादीत लिहिले १,०००. गूगल मर्चंट सेंटरला (दुकानदार गूगलवर आपला माल नोंदवतात ते खातं) भारतात जीएसटीसकट किंमत लागते, आणि ती तुमच्या पानावर व चेकआउटला तीच दिसावी लागते. डिलिव्हरीचा खर्च तिथे आधीच वेगळा नोंदवायचा असतो. आकडे जुळले नाहीत की वस्तू नामंजूर, पुन्हा पुन्हा झालं की खातंच बंद. हे झालं गूगलचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तर सरळ सांगतात: एकूण किंमत एका आकड्यात दाखवा, सोबत डिलिव्हरी, कर वगैरेंची फोड द्या. शेवटच्या पायरीला पैसे वाढवण्याच्या या युक्तीला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये १३ 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची यादी काढली, त्यात ती आहे. आणि हे लोक तीच सिक्रेट म्हणून विकतायत!

गूगल शॉपिंगची फी? साधी नोंद फुकट असते. पैसे लागतात ते जाहिरातीला.

पहिल्या पानाची हमी तर विनोदच आहे. २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला तो याच धंद्यावरून. गूगल स्वतःची तुलना-सेवा वर दाखवत होतं आणि प्रतिस्पर्ध्यांतली सगळ्यात वरची साइटसुद्धा सरासरी चौथ्या पानावर सापडत होती. ज्या साइटना स्वतःलाच पहिलं पान मिळत नव्हतं, त्यांच्या जोरावर हमी कसली देता?

दुसऱ्याचा बारकोड टाकलात तर तुमची चादर त्याच्या वस्तूखाली जाऊन बसेल. स्वतःच्या मालाला बारकोड नसेल तर 'नाही' असं नोंदवता येतं. विषय संपला.

एक मान्य करावं लागेल: भाव ताडून पाहणारा माणूस खरेदीच्या बेतात असतो. पण ते मोबाइलला, मिक्सरला ठीक आहे. मॉडेल तेच, फरक फक्त भावाचा. चादरीत वजन, वीण, माप सगळंच वेगळं. नुसत्या किमतीच्या रकान्यात स्वस्त नक्कलच वर येणार.

राहिल्या पन्नास साइट. मेसेजवाल्यांच्या नमुना यादीत पहिलंच नाव जंगली डॉट कॉमचं आहे. ती अॅमेझॉनने २०१२ मध्ये भारतात सुरू केली होती आणि केव्हाच बंदही केली.