ॲब्लेशननंतरचे '४८ तास' आणि हृदयामागची अन्ननलिका

एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) ॲब्लेशन (हृदयातली बिघाड करणारी जागा आतून डागणं किंवा गोठवणं) करून घेणाऱ्यांच्या घरच्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'हृदयाचा आणि अन्ननलिकेचा काही संबंध नाही. तरी काळजी म्हणून अन्ननलिकेत तापमान मोजणारी तार असते, त्यामुळे तिथे इजा होऊच शकत नाही. ४८ तास सुखरूप गेले की धोका संपला. नंतर छातीत जळजळलं तर ॲसिडिटी, फार तर एंडोस्कोपी करून घ्या.' लिहिणाऱ्याला धीर द्यायचा असणार. पण मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे ॲब्लेशन करतात तिथेच, काम करते, आणि शेवटचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आधी 'संबंध नाही' हे बघू. ॲब्लेशनपूर्वी बऱ्याच जणांना घशातून नळी घालून इको करतात. अन्ननलिकेतून हृदय इतकं स्वच्छ दिसतं, कारण डावं अलिंद (हृदयाचा वरचा डावा कप्पा) तिला अंगाला अंग लावून असतं. पुढे अलिंद, मागे मणके, मध्ये अन्ननलिका. अलिंदाची मागची भिंत जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाड. झडप आकसून अलिंद फुगलं की ते अन्ननलिकेला मागे ढकलतं. इको नव्हता तेव्हा बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत डॉक्टर तो बाक शोधत. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या गटाने दाखवून दिलं, की फिब्रिलेशन सुरू करणारे ठोके बहुतेक वेळा फुप्फुसशिरांमधून (फुप्फुसातून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरा) येतात. या शिरा अलिंदाच्या मागच्या अंगालाच उघडतात. म्हणजे जिथे डागायचं, तिथेच शेजारी अन्ननलिका.

आता ती तार. ती तापमान सांगते, अन्ननलिकेला वाचवत नाही. गुंगीतला पेशंट आवंढा गिळतो आणि मघाशी मणक्याच्या डावीकडे दिसणारी तार स्क्रीनवर मध्यावर सरकते, हे मी कितीदा पाहिलंय. आकडा ३७ वरून ३८ च्या पुढे जातो, डॉक्टर डागणं थांबवायला पेडलवरचा पाय काढतात, तरी तो आणखी थोडा चढतोच, कारण उष्णता आत मुरलेली असते. तार जिथे टेकलेली नाही, तिथलं तर तिला कळतच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑपेरा चाचणीत तार वापरलेल्या आणि न वापरलेल्या पेशंटांत अन्ननलिकेच्या इजांचं प्रमाण सारखंच निघालं. अन्ननलिकेत थंड पाणी खेळवणाऱ्या नळीने इजा कमी झाल्याचं लंडनमधल्या चाचणीत दिसलं, पण ती नळी वेगळी.

'४८ तास' हा मेसेजमधला सगळ्यात घातक आकडा. जांघेतला रक्तस्राव किंवा हृदयाभोवती रक्त साचणं बहुधा लवकर कळतं, तेवढ्यापुरतं ते खरं. अन्ननलिकेचं तसं नाही. डागल्यावर तिला आतून व्रण पडतो, तो काहींच्या बाबतीत भरून न येता खोल जातो आणि अखेर अलिंद व अन्ननलिका यांच्यात भोक पडतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पॉटर-एएफ अभ्यासात ३५ देशांतल्या साडेपाच लाखांहून अधिक ॲब्लेशनची नोंद होती. त्यात असं भोक, म्हणजे फिस्टुला, १३८ जणांना पडलं, म्हणजे साधारण चार हजारांत एकाला. गोठवण्याच्या पद्धतीत त्याहूनही कितीतरी कमी. एवढ्यावरून ॲब्लेशन टाळा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण लक्षणं सुरू व्हायला मध्यक काळ १८ दिवसांचा होता (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर), काहींना दोन महिन्यांनी त्रास सुरू झाला, आणि एकूण दोन-तृतीयांश पेशंट दगावले. शस्त्रक्रिया वा एंडोस्कोपीतून भोक बंद करण्याचे उपचार न झालेल्यांत तर दहातले जवळजवळ नऊ.

तोवर पेशंट घरी, कामावर रुजू झालेला. कणकण येते, गिळताना दुखतं, छातीत टोचतं. घरचे म्हणतात व्हायरल असेल. कधी पहिली खूण थेट लकव्याचीच, कारण भोकातून हवा आणि जंतू रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात.

विजेच्या क्षणिक झटक्यांनी काम करणाऱ्या नव्या पल्स्ड फील्ड पद्धतीमुळे हे सगळं जुनं झालं, असंही कुणी म्हणेल. त्यात बरंच तथ्य आहे. १७ हजारांहून जास्त पेशंटांच्या नोंदीत एकही फिस्टुला आढळला नाही. पण तिचे स्वतःचे धोके आहेत, आणि तुमचं ॲब्लेशन कोणत्या पद्धतीने झालं हे आधी विचारून घ्या.

राहिली एंडोस्कोपी. तिच्यात नीट दिसावं म्हणून अन्ननलिकेत हवा भरतात. भोक असेल तर तीच हवा अलिंदात आणि तिथून मेंदूत जाते. 'फार तर करून घ्या' म्हणून सांगायची ही तपासणी नव्हे. आधी छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन हवा, आणि तो स्वच्छ आला तरी शंका राहिली तर पुन्हा. मी डिस्चार्ज कार्डाच्या मागे पेनाने साठ दिवसांनंतरची तारीख लिहून देते. त्या तारखेच्या आत ताप आला, गिळताना दुखलं किंवा हातपाय बधिर झाले, तर कॅज्युअल्टीत पाऊल टाकताच पहिलं वाक्य हे बोला: 'माझं डाव्या अलिंदाचं ॲब्लेशन झालंय, एंडोस्कोपी करू नका, आधी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा.'