भीतीपेक्षा निर्धास्तपणा जास्त
बायका मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीची एक्स-रे तपासणी, टाळतात त्या भीतीपोटी, असं त्यावरच्या एका लेखात म्हटलंय. मला तर निर्धास्तपणाच जास्त दिसतो. 'आमच्या घरात कुणाला नाही, मला कशाला होईल?' हे चांगल्या शिकल्यासवरलेल्या बायकाही म्हणतात. प्रत्यक्षात स्तनांच्या कॅन्सरपैकी आनुवंशिक असतात साधारण ५ ते १० टक्केच; निदान झालेल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. दुसरं पालुपद म्हणजे 'दुखत तर नाही ना!' सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. माझ्या नणंदेची तर हातालाही लागत नव्हती, मॅमोग्राममध्येच दिसली. आणि 'मी ठणठणीत आहे' म्हणून ती जायलाच तयार नव्हती. अहो, ही तपासणी ठणठणीत बायकांसाठीच असते!

भीती खरी वाटते ती मॅमोग्राफीनंतर आणखी तपासायला पुन्हा बोलावलं की, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. परत बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना कॅन्सर नसतो. आणखी काही फोटो किंवा सोनोग्राफी झाली की विषय मिटतो. हे पहिल्याच तपासणीच्या वेळी सांगितलं तर पुढच्या खेपेला दांडी मारणाऱ्या कमी होतील. बाकी, रिपोर्ट चांगला आला तरी मधेच गाठ लागली किंवा स्तनाग्र आत ओढलेलं दिसलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.