टोन द्या न जी!

“हॅलो, टोन द्या.”

“घ्या.”

“आला नाही.”

“आमच्याकडून तर गेला न जी!”

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटरच्या मोडेमवर, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणाऱ्या डबीवर, फॅक्स घेणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य ह्या चार वाक्यांत जातं. उरलेलं अर्धं लायनमनची वाट पाहण्यात. सरकारी पत्राच्या माथ्यावर दूरध्वनीशेजारी फॅक्सचा नंबर छापलेला असतो तोवर कोणीतरी त्यावर काहीतरी पाठवणारच, आणि ते ‘आलं का हो?’ असं विचारणारच.

मी मोडेमच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. फॅक्स आला नाही की सगळे त्या डबीवर तुटून पडतात, तिला चालू-बंद करतात, थापडा मारतात. डबी बहुधा निर्दोष असते. दोष असतो तो खांबापासून खिडकीपर्यंतच्या तारेत आणि फोन उचलणाऱ्या हातात. शिवाय फॅक्सचा स्वभावही समजून घ्यायला हवा. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने त्याचं पेटंट १८४३ साली घेतलं. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. म्हणजे फॅक्स हा टेलिफोनचा ३३ वर्षांनी मोठा भाऊ. मोठ्याला धाकट्याच्या घरात राहावं लागलं की तो रुसूनच बसणार.

आता हा टोन. तो काही पिशवीत भरून द्यायची वस्तू नाही. पाठवणारं यंत्र ३-३ सेकंद थांबून अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा ‘पीं’ काढतं. घेणाऱ्याने फोन उचलला की तो २१०० हर्ट्झचा लांबलचक सूर लावतो, साधारण ३ सेकंद. तिकडचा बाबू मागतो तो हा दुसरा. गडबड होते ती बाबू हाताने नंबर फिरवून हॅलो-हॅलो करत बसतो तेव्हा, कारण त्याने ‘स्टार्ट’ दाबेपर्यंत त्याचं यंत्र बहुधा मुकंच असतं. इकडे एखाद्या पोट्ट्याने रिसीव्हर उचललेला असतो. तो ‘टोन द्या’ ऐकून घाबरतो आणि फोन खाली ठेवतो. तिकडे लाइन कट, इकडे मोडेम बदनाम.

ह्यावर उपाय क्रमाचा आहे, आणि क्रम चुकला तर काहीच उपयोग नाही. रिसीव्हर हातातच ठेवायचा. दुसऱ्या हाताने फॅक्सच्या प्रोग्राममध्ये ‘रिसीव्ह फॅक्स नाऊ’ दाबायचं. कानात मोडेमचा सूर घुमला की मगच रिसीव्हर हळूच जागेवर ठेवायचा. आधी ठेवला तर संपलं. मोडेम साधारण ३५ सेकंद समोरच्याला हाका मारतो आणि मग कंटाळून फोन ठेवतो. तेवढ्या वेळात बाबूने स्टार्ट दाबला पाहिजे. ‘आवाज येऊन रायला, आता काय करू?’ असं विचारण्यात त्यातले २० सेकंद जातात.

म्हणून शहाणा माणूस फोन उचलण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवतो. पण विंडोजला आपल्याकडे फॅक्स येईल असं मुळात वाटतच नाही. एक्सपीमध्ये फॅक्सचा भाग ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’मध्ये जाऊन वेगळा बसवावा लागतो. बसवल्यावरही पाठवण्याची परवानगी असते, घेण्याची नाही. फॅक्स कन्सोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘एनेबल रिसीव्ह’वर खूण करा. विंडोज ७ मध्ये ‘फॅक्स अँड स्कॅन’च्या ‘फॅक्स सेटिंग्ज’मध्ये ‘अलाऊ द डिव्हाइस टू रिसीव्ह’वर करा. तिथेच किती रिंगनंतर उचलायचं ते विचारतात. आपल्याकडची रिंग जोडीने वाजते, ट्रिंग-ट्रिंग, आणि मग २ सेकंद शांतता. काही मोडेम त्या जोडीला २ रिंगा मोजतात. ४ लिहिलं तर ते दुसऱ्या जोडीलाच उचलतात आणि घरातली माणसं ‘आम्ही धावून रायलो होतो न!’ म्हणून भांडतात. तरीही मी २ किंवा ३ च लिहितो. १० लिहू नका, पाठवणारं यंत्र तेवढं थांबत नाही. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्युटरला झोपू देऊ नका. दुपारी जेवणानंतर तो झोपतो, आणि फॅक्स नेमके तेव्हाच येतात.

हे सगळं करूनही डबी ढिम्म असेल तर तिच्याशी थेट बोलायचं. एक्सपीत हायपरटर्मिनल हा मोडेमला हुकूम टाइप करायचा प्रोग्राम उघडा, इंग्रजीत ‘एटी’ (AT) लिहून एंटर दाबा. ‘ओके’ आलं तर डबी जिवंत आहे. काहीच आलं नाही तर केबल, पोर्ट किंवा अ‍ॅडॅप्टर गेला. विंडोज ७ मध्ये हायपरटर्मिनल नाही, पण ‘फोन अँड मोडेम’मध्ये ‘क्वेरी मोडेम’ आहे. हायपरटर्मिनलमध्ये पुढे ‘एटी+एफक्लास=?’ (AT+FCLASS=?) विचारा. उत्तरात ० सोबत १ किंवा २ आलं पाहिजे. नुसतं ० आलं तर तुम्ही विकत घेतलाय तो फक्त डेटा मोडेम. तो फॅक्स जन्मात घेणार नाही, त्याला बोलून उपयोग नाही. मग शेजाऱ्याच्या मोबाइलवरून स्वतःच्याच नंबरला रिंग द्या. पडद्यावर ‘रिंग’ हा शब्द उमटला नाही तर रिंग मोडेमपर्यंत पोचतच नाही. आता डबीच्या पाठीमागे बघा. दोन भोकं असतात, एकावर ‘लाइन’ आणि दुसऱ्यावर ‘फोन’ लिहिलेलं. खांबावरची तार ‘लाइन’मध्येच हवी. दोन्ही सारखी दिसतात, आणि कूलर पुसायला टेबल सरकवलं की वायरी हमखास बदलतात.

‘एटीएस०?’ (ATS0?) लिहून पाहा, उत्तर ००० असावं. तिथे १ असेल तर मोडेम प्रोग्रामची वाट न पाहता स्वतःच फोन उचलतो, तोही डेटा मोडेम म्हणून. मग समोरचं फॅक्स यंत्र त्याच्याशी काय बोलणार? ‘एटीएस०=०’ लिहून त्याची ही आगाऊपणाची सवय मोडा. आणि ‘एटीएम२’ (ATM2) लिहा. ह्याचा पैशाशी संबंध नाही. ह्याने मोडेमचा स्पीकर शेवटपर्यंत चालू राहतो आणि भानगड कानाने कळते. काही फॅक्स प्रोग्राम तो पुन्हा बंद करतात. त्यांच्या सेटिंगमध्ये स्पीकर वेगळा चालू करावा लागतो.

ती भानगड ज्याने कापसाचा लिलाव पाहिला आहे त्याला लगेच समजते. सूर संपला की घेणारा खरखरत्या आवाजात, सेकंदाला ३०० बिट अशा बैलगाडीच्या चालीने, आपली ऐपत सांगतो. पाठवणारा म्हणतो, ‘चला, १४,४०० ने देतो.’ मग नमुना म्हणून दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतो. वणी-हिंगणघाटच्या बाजारात बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून व्यापारी मूठभर कापूस ओढतो ना, तसं घेणारा मोडेम ती शून्यं तपासून पाहतो. त्यात घाण दिसली की म्हणतो, ‘माल ओला आहे.’ भाव उतरतो. १२,०००, ९,६००, ७,२००, ४,८००, २,४००. प्रत्येक वेळी पुन्हा नमुना, पुन्हा नाक मुरडणं. स्पीकरवर ‘खर्रर्र’ आणि ‘पिडीपिडी’ असं आळीपाळीने तीन-चारदा ऐकू आलं तर भाव पडतो आहे असं समजा. २,४०० लाही पटलं नाही तर दोघं उठून आपापल्या घरी जातात आणि पडद्यावर एक इंग्रजी वाक्य उरतं. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे दोन्हीकडे भाव पाडणारी वस्तू एकच आहे, ओल. कापसात ८ टक्क्यांपुढे ओलावा गेला की पैसे कापतात. तारेच्या जोडात ती किती टक्के आहे हे कोणी मोजत नाही, एवढाच फरक.

मोजता मात्र येतं. फोन उचला, एखादा आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि १० सेकंद नुसतं ऐका. लाइन चांगली असेल तर मध्यरात्रीच्या शेतासारखी शांतता. चण्याच्या भट्टीसारखी तडतड आली तर जोडात पाणी आहे. सलग घूंऽऽ आला तर एखादी तार कुठेतरी जमिनीला किंवा ओल्या झाडाला लागली आहे. मल्टिमीटर असेल तर डीसी २०० वर ठेवून भिंतीवरच्या डबीच्या दोन स्क्रूंना लावा. रिसीव्हर खाली असताना ४८ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. ३० दिसले तर उरलेले वाटेत कोणीतरी पितंय. माणसाशी बोलताना ही तडतड चालून जाते, कारण ‘काय म्हणलं?’ असं विचारता येतं. मोडेमला ती सोय फार थोडी आहे.

ओल येते कुठून? पावसाळ्यात खांबावरून. लायनमनने हाताने पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात पाणी धरतो. जेल भरलेला छोटा कनेक्टर दाबून बसवायला सांगा, तो पाणी धरत नाही. कुटाराने भरलेली बंडी खालून गेली की तार ओढली जाते, आणि वानरं तिच्यावर झोके घेतात त्याची तक्रार कुठल्या नंबरवर करायची ते पुस्तकात दिलेलं नाही. पण लोकांना पटत नाही ती उन्हाळ्यातली ओल. पारा ४५ वर, हवा कोरडी ठणठणीत, आणि लाइन मात्र ओली! त्याचं कारण खिडकीत बसलेला कूलर. टेलिफोनची तार ज्या खिडकीतून आत येते, त्याच खिडकीत आपण कूलर बसवतो. खसच्या ताट्यांवरचं पाणी उडतं ते बरोबर भिंतीवरच्या डबीवर. महिन्याभरात तिच्या स्क्रूंवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. मोडेम काढून ठेवा, भिंतीवरची डबी उघडा, तारेची टोकं अर्धा इंच कापून नवी सोला, स्क्रू पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. पाच रुपयांचंही काम नाही. आणि कूलरची मोटर ज्या पट्टीवर आहे तिच्यावर मोडेमचा अ‍ॅडॅप्टर लावू नका. मोटर सुरू होताना दाब पडतो, मोडेम मध्येच दचकून नव्याने सुरू होतो, आणि पान अर्ध्यात तुटतं.

तपासणीची साधी रीत अशी. पॅरलल फोन, खालच्या खोलीतला फोन, मुलीने आणलेला कॉलर आयडी, सगळं उपटून काढा. भिंतीवरच्या डबीतून दोन मीटरच्या वायरने थेट मोडेम लावा. फॅक्स आला तर एकेक वस्तू परत जोडत चला. ज्या वस्तूला फॅक्स रुसला ती गुन्हेगार. त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर मोडेमच्या आधी ब्रॉडबँडचे सूर गाळणारा फिल्टर पाहिजेच. आणि आभाळात वीज कडाडली की तार उपटून ठेवा. जून महिन्यात जळलेल्या मोडेमचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

जुन्या कॉम्प्युटरची एक वेगळीच खोड आहे. कॉम१ नावाच्या पोर्टला माऊस आणि कॉम३ ला मोडेम असेल तर दोघं आयआरक्यू ४ वरून, म्हणजे कॉम्प्युटरला हाक मारायच्या एकाच वाटेवरून, भांडतात. फॅक्स येताना माऊस हलवला की पान अडकतं. मोडेम कॉम२ ला न्या. पोर्टची चिप १६५५० जातीची असेल तर तिच्यात १६ बाइटचा हौद असतो. त्याआधीच्या चिपमध्ये तो नाही, म्हणून कॉम्प्युटर दुसऱ्या कामात असला की अक्षरं सांडतात. क्लास १ मोडेममध्ये, म्हणजे ‘एफक्लास’ला १ असं उत्तर देणाऱ्यात, वेळेचा सगळा हिशेब कॉम्प्युटरच्याच डोक्यावर असतो, तेव्हा फॅक्स चालू असताना त्याच्यावर पत्त्यांचा डावही मांडू नका.

पान आलं पण त्यावर आडव्या रेघा, अर्ध्या ओळी गायब, असं असेल तर चुका दुरुस्त करणारी ईसीएम नावाची सोय चालू करा. तिच्यात बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. वेळ जास्त लागतो, पान स्वच्छ येतं. लाइन फारच वाईट असेल तर तो मागवण्याचाच खेळ चालतो आणि पान संपतच नाही. मग ती बंद करून वेग ९,६०० किंवा ४,८०० वर बांधून घ्या. मळकं का होईना, पान मिळतं.

ज्यांच्याकडे तांब्याची तार जाऊन फायबरचं खोकं आलं, ते म्हणतात आता ओलीची कटकट नाही. खरं आहे. पण खोकं आवाजाचे तुकडे करून पाठवतं. माणसाचा आवाज दाबून पाठवला तरी समजतो, मोडेमचा दाबला की त्याचं चिपाड होतं. खोक्यात जी.७११ हे कोडेक, म्हणजे आवाज न दाबता पाठवायची रीत, किंवा फॅक्ससाठीचं टी.३८ चालू आहे का ते जोडणी देणाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तो ‘फॅक्स? अजून आहे?’ असं म्हणून आपल्याकडे पुराणवस्तू पाहिल्यासारखा बघतो. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून यायची. खोकं भारनियमनात आपल्याबरोबरच आंधळं होतं. त्याला इन्व्हर्टर द्या.

एवढं सगळं जमलं की टिफ जातीची फाइल मिळते. ती भलत्याच प्रोग्राममध्ये उघडली तर पत्र चपटं दिसतं, आणि सरपंचांचा गोल शिक्का आडव्या पडलेल्या भोपळ्यासारखा. घाबरू नका. साध्या फॅक्समध्ये आडवे २०४ आणि उभे फक्त ९८ ठिपके असतात इंचाला. ज्या प्रोग्रामला ते कळत नाही तो पान दाबून दाखवतो. पाठवणाऱ्याला ‘फाइन’ करायला सांगा, उभे ठिपके दुप्पट होतात.

आणि कधीकधी पान पूर्ण कोरं येतं. वर तारीख, नंबर, पान १/१, आणि खाली नुसतं पांढरं. तिकडे कागद पालथा टाकलेला असतो. हे पान फाडू नका, ते तुमच्या तारेचं, डबीचं आणि सेटिंगचं पास झाल्याचं प्रमाणपत्र आहे. बाबूला फोन करा, कागद उलटवून पुन्हा टाकायला सांगा. फोन मात्र दुसऱ्या लाइनवरून करा, नाहीतर त्याला इकडे एंगेज लागेल.