जहाज फुटण्यापूर्वी शाकाहारी माणसाने करावयाची तयारी

आपण शाकाहारी असाल, तर आज ना उद्या आपले जहाज फुटणार आहे, याविषयी मनात शंका बाळगू नये. आपल्या मांसाहारी मित्रांना तर याची पक्की खात्री आहे. पांढरा रस्सा ओरपता ओरपता "समज, तू निर्जन बेटावर अडकलास आणि खायला फक्त बोकड आहे, मग?" असे ते ज्या कळकळीने विचारतात, ती पाहता आपले तिकीट त्यांनी आधीच काढून ठेवले असावे. विचारणाऱ्याच्या घराखालीच भाजीवाला बसतो आणि समुद्र त्याने जुहूला भेळ खाताना तेवढा पाहिलेला असतो, हा मुद्दा काढून त्याचा विरस करू नये. मुकाट्याने तयारीला लागावे.

प्रथम शिधा. १८८४ च्या जुलैमध्ये 'मिन्योनेट' ही इंग्लिश नौका सिडनीकडे जाताना दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली, तेव्हा कप्तान टॉम डडली याने घाईगर्दीत सलगमाचे दोन डबे वाचवले. इतका सात्त्विक आरंभ पाहून कोणाही शाकाहाऱ्याचा ऊर भरून यावा. पुढे एक कासव हाती लागले, तेही संपले, आणि मग होडीतल्या चौघांपैकी रिचर्ड पार्कर या १७ वर्षांच्या पोऱ्याची पाळी आली. चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट निघाली होती, पण टाकल्या कोणीच नाहीत. कारण पोऱ्या समुद्राचे पाणी पिऊन आजारी पडला होता, अनाथ होता, आणि डडलीला बायकापोरे होती. इंग्लंडच्या न्यायालयाने 'नाइलाज होता' हा बचाव फेटाळून डडली आणि त्याचा साथीदार स्टीफन्स यांना देहांताची शिक्षा सुनावली आणि ती नंतर सहा महिन्यांच्या कैदेवर आली. तेव्हा प्रवासाला निघताना कुटुंबाचा फोटो जवळ असू द्यावा. अशा होडीत शाकाहारी असण्यापेक्षा संसारी असणे अधिक उपयोगी पडते.

दिशेचीही काळजी घ्यावी. १८२० मध्ये प्रशांत महासागरात एका देवमाशाने धडक देऊन 'एसेक्स' हे देवमाशांचीच शिकार करणारे जहाज बुडवले. त्यातल्या २० जणांना पश्चिमेची बेटे जवळ होती. पण तिथे नरभक्षक राहतात अशी त्यांची समजूत असल्याने, त्यांनी दूरच्या दक्षिण अमेरिकेचा रस्ता धरला आणि वाटेत आपल्याच सात सोबत्यांना खाल्ले. त्यांत कप्तानाचा तरुण मावसभाऊही होता. नरभक्षक हे नेहमी दुसऱ्या बेटावर राहतात, हे तत्त्व आपणही सोडू नये.

मात्र या सर्वांपेक्षा महत्त्वाची तयारी म्हणजे चांगला चित्रकार गाठून ठेवणे. १८१६ मध्ये 'मेद्यूझ' हे फ्रेंच जहाज आजच्या मॉरितानियाच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. त्याच्या कप्तानाने वीसेक वर्षांत समुद्रावर पाऊल ठेवले नव्हते, पण राजनिष्ठा पुरेशी होती. होड्या पुरेनात, म्हणून सुमारे दीडशे लोकांना एका तराफ्यावर बसवले, आणि तो ओढून नेण्याचे वचन दिलेल्या होडीवाल्यांनी दोर सोडून दिला. तराफ्यावर दारूची पिंपे होती. अन्न जवळजवळ नव्हतेच. लोकांनी तलवारींचे चामडी पट्टे चावून पाहिले आणि मग मेलेल्या सोबत्यांकडे वळले. एकदा उडते मासे सापडले, तेव्हा माणसाचे मांस माशांबरोबर शिजवल्याने जरा कमी किळसवाणे लागले, असे वाचलेल्यांनी लिहून ठेवले आहे. तेरा दिवसांनी पंधरा जण जिवंत सापडले.

आता थिओडोर जेरिको या चित्रकाराचे काम पाहावे. त्याने वाचलेल्यांना गाठून हकिगत ऐकली, तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, इस्पितळातून मृतांचे अवयव आणून त्यांची रेखाटने केली. माणसे माणसांना खात असल्याचे एक कच्चे चित्रसुद्धा काढले. आणि १८१९ मध्ये सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद असे जे चित्र लोकांसमोर आले, त्यात तेवढा भाग गाळला होता. तेरा दिवसांच्या उपाशी माणसांचे दंड आणि पाठी तालमीतल्या पैलवानांसारख्या भरलेल्या आहेत; इतकी तब्येत कशावर झाली, हे पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ते चित्र पाहताना कोणी विचारत नाही. तेव्हा काय खाल्ले याची चिंता सोडून त्या चित्रातल्यासारखे दूरच्या जहाजाला हात करीत ऐटीत उभे राहावे. शेजाऱ्याच्या बोंबलाच्या वासाविरुद्ध सोसायटीत ठराव मांडणाऱ्या शाकाहाऱ्याला तर हे चित्र फारच सोयीचे आहे, कारण त्याला कसलाच वास येत नाही.

रिचर्ड पार्करचे तर कलेने सोनेच केले. यान मार्टेलच्या २००१ सालच्या कादंबरीत पाँडिचेरीच्या एका शाकाहारी मुलाबरोबर होडीत जो वाघ असतो, त्याचे नाव रिचर्ड पार्कर. जो होडीत सर्वांत खालचा होता आणि म्हणूनच पोटात गेला, त्याला नख्या आणि सुळे देऊन सर्वांच्या डोक्यावर बसवले. आपणही खाल्ले जाणार असाल, तर नाव तेवढे लक्षात राहील असे ठेवावे.

वादात शास्त्राधार लागलाच, तर विश्वामित्र पुरेत. दुष्काळात चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी उचलताना त्यांनी त्याच चांडाळाचा धर्मोपदेश खोडून काढला, ही शांतिपर्वातील कथा दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी आहे. छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण मात्र चुकूनही काढू नये. उपासमारीत त्याने हत्तीवाल्याचे उष्टे कुल्माष, म्हणजे उकडलेले कडधान्य, मागून खाल्ले. पण हत्तीवाल्याने उष्टे पाणी पुढे करताच उषस्तीने ते नाकारले. हे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला कुठेही मिळेल, एवढेच कारण त्याने दिले. अशा उदाहरणाने बोकडवाल्याचीही पंचाईत होते आणि ठराववाल्याचीही. शिवाय उरलेले कुल्माष त्याने घरी बायकोसाठी नेले, हे तर कप्तान मंडळींच्या परंपरेला अगदीच सोडून आहे.