बाईंचा खट

काल फोंड्याला गुरुभावाकडे गेलो होतो. त्याच्या मुलाने मोबाइल पुढे केला, "काका, ऐका." आमच्या बाई गात होत्या. पहिल्या आकारालाच अंगावर काटा आला. मग कळलं, हा खट राग आहे.

बाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. खट त्या कधीच गायल्या नाहीत. "त्याची तालीम पुरी झाली नाही माझी, लोकांपुढे नाही गाणार," असं स्पष्ट सांगायच्या. मुलाने तालमीच्या जुन्या कॅसेटी एआयला ऐकवून तो गाऊन घेतला होता. प्रेमानेच केलं त्याने, पण मला ते सहन झालं नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही. रोजचा रियाज मोबाइलमधल्या तानपुऱ्यावरच करतो. २०२४ साली संगीतकार ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' चित्रपटाच्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने आणले, तेही घरच्यांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. ती रीत मला पटते. पण तिथे चाल संगीतकाराची असते. ख्यालात पुढचा स्वर कुठला, कुठे थांबायचं, काय गायचंच नाही, हे गाणारी व्यक्ती ठरवते. आवाज बाईंचा आणि निर्णय दुसऱ्याचा, मग ते बाईंचं गाणं कसं?

आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला सहजी तयार होत नसत. मागे राहिलं ते मोजकंच. त्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. त्यांनी जे मागे ठेवलं नाही, ते आज त्यांच्या आवाजात बनवायचा हक्क कुणाला आहे? अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रोखली. गावात चार मुलांना शिकवून गेलेल्या बाईंसाठी कोर्टात कोण जाणार? शिष्यांनीच नको का म्हणायला?

मुलाला फाइल पुसायला सांगितली. त्याने अजून पुसलेली नाही. कॅसेटी मात्र मी घरी आणल्या आहेत. एकीत बाई भूप राग शिकवता शिकवता थांबतात, खोकतात आणि म्हणतात, "धैवत उतरला माझा. परत घेते." आणि परत घेतात. रविवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ती जागा ऐकवणार आहे.