एडिशन कुठली, ते आधी सांगा!

रविवारचं आमचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं (फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ) सेशन चार तासांचं. त्यातला पाऊण तास गेला एका ‘क्युअर वूंड्स’वर, म्हणजे जखमा भरणाऱ्या स्पेलवर (मंत्रावर). फायटर, म्हणजे आमचा लढवय्या, जीव शून्यावर येऊन पडलाय, शेजारी ऑर्क हा राक्षस कुऱ्हाड उगारून उभा, आणि टेबलावर भांडण कशावरून? आठ बाजूंचा फासा एक टाकायचा की दोन! एकजण म्हणतो एक, दुसरी म्हणते दोन. दोघंही पान उघडून दाखवतात आणि दोघंही बरोबर असतात. कारण एकाचं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, २०१४ चं, दुसरीचं २०२४ चं. नाव तेच, स्पेल तोच, नियम वेगळा.

माझं डोकं फिरतं ते इथेच. नियम बदला हो, कोण नको म्हणतंय? १९७४ पासून हा खेळ बदलतच आलाय. पण बदललात तर तसं ठळक छापा! १९८९ ला दुसरी एडिशन आली तेव्हा मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं होतं. २००३ ला तिसरीची डागडुजी केली, तर ‘३.५’ असा अर्धा आकडा का होईना, पण लावला. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एका नजरेत कळायचं. आता २०१४ आणि २०२४ चं म्हणे सगळं एकमेकांशी जुळतं. जुनी अ‍ॅडव्हेंचर्स नव्या नियमांवर चालतात, हे मान्य. पण एकाच टेबलावर दोन पुस्तकं चालत नाहीत! जुन्यात पॅलाडिनचे (धर्मयोद्ध्याचे) एका पाळीत दोन वार लागले की दोन्हींवर स्माइट, म्हणजे जादा इजा करणारा दैवी फटका, टाकता यायचा, नव्यात तो बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एक जादा छोटी कृती) खाणारा स्पेल आहे, म्हणजे पाळीत एकदाच. जुन्यात बेसावध सापडलात तर पहिली पाळीच हातची गेली, नव्यात फक्त इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. हे काय किरकोळ फरक आहेत? यावर कॅरेक्टर जगतं नाहीतर मरतं.

त्यात आमचे तुलनाकार! ‘३.५ मध्ये कसं सगळं मोकळं होतं.’ अरे, ३.५ मध्ये एखाद्याला नुसतं धरायचं म्हटलं तरी आधी समोरच्याचा अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी (संधी साधून मारलेला फुकटचा वार), मग टच अटॅक (नुसता हात लागतो का ते बघायचं), मग दोघांनी फासे टाकून ग्रॅपल चेक (पकड बसते का ते). खेळलायस कधी? ‘चौथी म्हणजे व्हिडिओ गेम’ हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. २००८ ची ती एडिशन मी दोन वर्षं चालवली आहे. तिच्यात फायटरला दर पाळीला करण्यासारखं काहीतरी असायचं आणि एका फटक्यात मरणाऱ्या मिनियनांची अख्खी झुंड मला कागदपत्रं न सांभाळता उभी करता यायची. ती आवडली नाही म्हणा, हरकत नाही. पण तिचं पुस्तक हातात न घेता, कुणाचा तरी व्हिडिओ बघून निकाल देऊ नका.

या सगळ्यात सोसलं कुणी? परवा पहिल्यांदाच खेळायला आलेल्या मुलीनं. बिचारीनं आठवडाभर बसून एल्फ बनवला. एल्फ ही रेस (पात्राचा वंश) मावसभावाच्या जुन्या पुस्तकातून घेतली, बॅकग्राउंड (पात्राचा पूर्वेतिहास) नव्यातून. जुन्यात अ‍ॅबिलिटीचे (ताकद, चपळाई वगैरेंचे) वाढीव गुण रेसमधून मिळतात, नव्यात बॅकग्राउंडमधून. तिनं दोन्हीकडचे घेतले, कारण दोन्हीकडे तसं लिहिलेलंच होतं. जुनी रेस वापरलीत तर तिचे गुण सोडून द्या, अशी सूचना नव्या पुस्तकात आहे, पण नवख्या माणसाला ती शोधायची हे कसं सुचणार? आणि आमच्यातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, ‘चीटिंग आहे हे.’ तिचा चेहरा पडला. उरलेला वेळ ती गप्प बसून होती. मी त्याला तिथल्या तिथे झापलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी तिला फोन करून माफी मागितली आहे, तिची शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) तिच्याबरोबर बसून नीट करून देणार आहे.

आता पुढच्या रविवारी टेबलावर फक्त २०२४ चं पुस्तक. जुन्यातलं काही हवं असेल त्यानं शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर लिहावं, मी वाचून हो-नाही सांगेन. ऑर्क समोर उभा राहिल्यावर कुणीही जुनं पुस्तक बाहेर काढायचं नाही!